उतार शोधत सिल्वासा ते जव्हार

सिल्वासाहून जव्हारला मोटरसायकलने जाता येतं का, असं मला बरेच जण विचारतात. येतं. रस्ता सुंदर आहे, खायला भरपूर मिळतं, थंडीच्या दिवसांत जा. एवढ्यावर थांबता आलं असतं, पण मी तो रस्ता पहिल्यांदा केला ती हकीकत लिहायची बरेच दिवस राहिली आहे. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. माझ्याकडे जुनी मोटरसायकल होती, तिची बॅटरी मेलेली होती, आणि मी परब बाईंना लग्नाचं विचारायला निघालो होतो.

मी मूळचा राजापूरकडचा. सिल्वासातल्या एका मराठी शाळेत गणित शिकवायचो आणि गावातल्याच आमली भागात एका चाळीत भाड्याच्या खोलीत राहायचो. परब बाई त्याच शाळेत मराठी शिकवायच्या, कुडाळकडच्या, आणि माझ्यापासून दोन घरं सोडून एका गुजराती कुटुंबाकडे राहायच्या. माझी गाडी बॅटरीवर स्पार्क देणारी. बॅटरी गेली की कितीही किक मारा, पायाला घाम येतो, इंजिनाला काही होत नाही. मग गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकायची, क्लच दाबून धरायचा, मागून कुणीतरी धावत ढकलायचं, आणि वेग आला की क्लच फटकन सोडायचा. इंजिन एकदा फिरलं की डायनॅमो स्वतःपुरती वीज काढतो. फक्त अॅक्सिलरेटर सोडायचा नाही, सोडला की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

तर रोज सकाळी परब बाई पदर खोचून मला धक्का मारायच्या. गाडी धडधडली की मला थांबता यायचं नाही, म्हणून मी पुढे पानाच्या टपरीपर्यंत जाऊन एक गोल फेरी मारून परत यायचो, आणि त्या चालत्या गाडीवर पटकन मागे बसायच्या. शाळेच्या अलीकडच्या वळणावर उतरायच्या आणि तिथून चालत यायच्या, कारण आमची स्टाफरूम म्हणजे बातम्यांचं केंद्र होतं. हे असं दोन वर्षं चाललं. आमच्या चाळीच्या शेजारीच बॅटरीचं दुकान होतं. नवी बॅटरी मला परवडत होती. ती मी का घेतली नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

मग बाईंना जिल्हा परिषदेत नोकरी लागली, जव्हारच्या पुढे, मोखाड्याच्या वाटेवरच्या एका गावात. गावाचं नाव लिहीत नाही, लहान गाव आहे. निरोप समारंभात मी एक भाषण केलं आणि त्यात त्यांच्या हस्ताक्षराचं कौतुक केलं. दुसरं काही मला सुचलं नाही. त्या गेल्यावर मी उतारांचा अभ्यास सुरू केला. आमलीत कुठला रस्ता किती झुकलेला आहे, शाळेच्या मागचा चढ कुठे संपतो, बाजारात कुठे गाडी लावली की एकट्याला बसून घरंगळत जाता येतं, हे मला तोंडपाठ झालं. माणूस लागत नाही असा दिवस आखायचा, हे एक वेगळंच गणित होतं. ते मला जमायला लागलं आणि त्याचं मला वाईट वाटायला लागलं.

एका संध्याकाळी खोलीचं कुलूप काढताना लक्षात आलं, की शाळा सुटल्यापासून मी कुणाशी एक शब्दही बोललेलो नाही. शेजारच्या खोल्यांमध्ये धुळ्याची, नंदुरबारची मंडळी राहायची, चार-चार जण एका खोलीत, एकाची पाळी संपली की दुसऱ्याची सुरू. त्यांच्याकडे सतत हसणं, भांडणं, भाकरीचा वास. माझ्याकडे माझा एकट्याचा स्टोव्ह. मी त्या आठवड्यात शनिवारची रजा टाकली.

आता प्रवासाचं. सकाळी उजाडल्यावर निघालो. आमच्या चाळीपुढचा रस्ता तसा सपाटच, पण खडोलीच्या सूत कारखान्यातून रात्रपाळी करून आलेला शेजारचा एक जण दात घासत उभा होता. साक्रीकडचा गडी. "सर, कथा चालनात? आज तं शनिवार शे," असं त्याने विचारलं. मी म्हटलं, जव्हारला. कशाला, ते त्याने विचारलं नाही, ब्रश तोंडात धरला आणि दोन्ही हातांनी ढकललं. पेट्रोलची टाकी आदल्या दिवशीच भरून ठेवली होती. आमच्याकडे, म्हणजे केंद्रशासित प्रदेशात, पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त पडायचं, तेव्हा हद्द ओलांडायच्या आधी टाकी भरून घ्यायची, ही या प्रवासाची पहिली सूचना.

सिल्वासा ते खानवेल हा टप्पा डोळे मिटूनही आवडेल असा आहे, पण कृपया उघडे ठेवा. दोन्ही बाजूंनी झाडं रस्त्यावर ओणवलेली, मध्येच शेणाने सारवलेली वारल्यांची घरं, आणि डोक्यावर मोळ्या घेऊन बाजाराला निघालेल्या बायका. खानवेलला नदीच्या अलीकडे एक छान उतार आहे. तिथे गाडी लावून मी चहा आणि गरम भजी घेतली. टपरीवाल्याने कुठे, कशाला, एकटेच का, असं सगळं गुजरातीत विचारलं. एकटेच का, याला मी "अमस्तंच" असं मराठीत उत्तर दिलं.

खानवेलहून उधव्याच्या दिशेला वळलं की महाराष्ट्र लागतो. तिथे तेव्हा कधीमधी तपासणी असायची. सिल्वासात दारू स्वस्त, म्हणून आमच्याकडच्या नंबराची गाडी दिसली की पोलिसांचे डोळे चमकायचे. हवालदाराने हात केला. मी थांबलो, पण अॅक्सिलरेटर पिळतच राहिलो. गाडीचा आवाज वाढलेला, माझं तोंड घाबरलेलं, आणि मागे बांधलेली पिशवी. माझ्याकडे बघून कुणालाही वाटलं असतं की हा आता पळणार. गाडी बंद करा, असं ते म्हणाले. बंद केली तर चालू होणार नाही, असं मी सांगितलं. हे उत्तर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं नसणार. त्यांनी स्वतः हात पुढे करून चावी फिरवली.

पिशवीत दोन शर्ट, टॉवेल आणि नानकटाईचा डबा निघाला. त्यांनी डबा उघडून वासही घेतला. कुणासाठी, असं विचारल्यावर मी म्हटलं, मी शिक्षक आहे, ओळखीच्या आहेत एक. मग त्यांनी डब्याचं झाकण नीट दाबून लावलं, पिशवी होती तशी बांधली, आणि माझ्या वेशाकडे एकदा पाहून म्हणाले, "गुरुजी, शर्टाची कॉलर उलटी झालीय. पोचायच्या आधी सरळ करा." किकने गाडी चालू होत नाही हे त्यांनी स्वतः पाय मारून पाहिलं. मग टोपी नाक्यावरच्या मेजावर ठेवून त्यांनीच धक्का मारला. मी थांबून आभार मानू शकत नव्हतो. हात वर केला, तेवढंच. धक्का मारणाऱ्याला माणूस नेहमी पाठमोराच दिसतो, हे त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या मनात आलं.

तलासरीला हायवे लागतो. ट्रकवाल्यांना उजवी बाजू द्या आणि स्वतः डावीकडेच राहा, कारण माझ्यासारखा हॉर्न बंद असेल तर तुम्ही आहात हे त्यांना कळणार नाही. चारोटी नाक्यावर मिसळ चांगली मिळाली, झणझणीत, दही मागितलं की वेगळं देत होते. तिथून डावीकडे कासा आणि पुढे जव्हारचा रस्ता. सपाटी संपते आणि रस्ता हळूहळू वर चढायला लागतो. सागाची पानं वाळून रस्त्यावर आलेली, हवा गार होत गेलेली, वळणावळणावर दरीत भाताची कापलेली खाचरं. घाटात मी मोठ्याने बोलून पाहत होतो. "बाई, मला तुमच्याशी लग्न करायचंय." एकदा फार सरकारी वाटलं, एकदा फार हळू. समोरून एसटी आली तेव्हा गप्प बसलो.

दुपार कलताना जव्हारला पोचलो. गाव डोंगरावर आहे, त्यामुळे माझ्या गाडीसाठी स्वर्गच, जिथे बघावं तिथे उतार. बसस्टँडजवळ एक लॉज मिळाला, खोली साधी, गरम पाणी बादलीने, भाडं शिक्षकाला झेपेल असं. राइस प्लेटमध्ये वालाची उसळ होती. संध्याकाळी सगळे जातात म्हणून मीही सूर्यास्त बघायला गेलो. कठड्यावर जोडपी होती, एक मोठं कुटुंब होतं, त्यांनी मला त्यांचा फोटो काढायला सांगितला. मी दोन काढले. तुमचाही काढू का, असं त्यांनी विचारलं, तर कॅमेरा त्यांचा, फोटो मला कसा मिळणार, म्हणून नको म्हटलं. दरी लाल झाली, मग निळी झाली. इतकं सुंदर काही दिसलं की शेजारच्याला कोपर मारून "बघ" म्हणावंसं वाटतं, आणि माझ्या शेजारी कठडा होता.

रविवारी सकाळी बाईंच्या गावी गेलो. गावाच्या अलीकडे एक उतार मी हेरला होता, तिथे गाडी लावून चालत जायचं असं ठरवलं होतं. पण बाई अंगणात काहीतरी वाळत घालत होत्या, त्यांनी लांबूनच गाडीचा आवाज ओळखला आणि हात करून वर बोलावलं. घर शाळेला लागूनच, पुढे शाळेचं मैदान, सगळं सपाट. मी गाडी चालूच ठेवून उभा राहिलो. त्या म्हणाल्या, "बंद करा हो, बघू नंतरचं नंतर." मी बंद केली. त्या बोलण्याने मला केवढा धीर आला होता, ते आज सांगायलाही लाज वाटते.

त्यांची आई त्यांच्याजवळ राहायला आलेली होती. "राजापुराक खंय तुमचा घर?" असं त्यांनी विचारलं आणि माझ्या घराण्याची दोन-तीन पिढ्यांची चौकशी केली. घावणे झाले, चहा झाला. नानकटाई त्यांना फार आवडली. मग बाई मला शाळा दाखवायला घेऊन गेल्या. दोन खोल्या होत्या, भिंतीवर मुलांनी रंगवलेले पक्षी होते. व्हरांड्याच्या पायरीवर बसून त्या पोरांचं सांगत होत्या, कोण किती डोंगर चढून येतं, कोण गाणं म्हणतं. सिल्वासात मी त्यांना इतकं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांचं बोलणं संपायची वाट पाहिली असती तर माझं राहूनच गेलं असतं, म्हणून मध्येच म्हणालो. घाटात पाठ केलेलं, तसंच.

त्या दचकल्या नाहीत. हसल्या, आणि म्हणाल्या, "बॅटरीचं दुकान तुमच्या खोलीला लागून होतं, सर. दोन वर्षं कुणी उगीच धक्का मारून घेत नाही. आणि कुणी उगीच मारतही नाही."

मला वाटलं, झालं. मी पुढचं भराभर सांगून टाकलं. आमलीत दोन खोल्यांची जागा बघून ठेवली होती, शाळेत त्यांची जागा अजून भरली नव्हती, हेडसर त्यांना परत घ्यायला तयार होते, आईंनाही तिकडे आणता येईल. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. गणिताच्या मास्तराने मांडलेलं होतं, त्यात चूक काढायला जागा नव्हती.

"ही नोकरी मी सोडणार नाही," त्या म्हणाल्या. "तिथे मी एका भाड्याच्या खोलीत राहायचे. इथे मी राहते. तुम्ही इकडे याल का?"

मंडळी, मी येताना प्रत्येक टप्प्यावरचा उतार हेरला होता. हा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातही आला नव्हता. आमच्या काळात बायको नवऱ्याच्या गावी येते, यापलीकडे आम्ही विचारच करत नसू, आणि कायम नोकरी सोडणं म्हणजे तर घरातल्या देवाला हात लावण्यासारखं. केंद्रशासित प्रदेशातून जिल्हा परिषदेत बदली होत नाही. सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून अर्ज करायचा, लागेल की नाही ते ठाऊक नाही. माझं पेन्शन, माझी श्रेणी, गावी भावाला काय सांगणार, हे सगळं एकामागून एक डोळ्यांसमोर आलं. मी उघड्या दारातून भिंतीवरच्या पक्ष्यांकडे बघत बसलो.

त्या पायरीवरून उठल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "असू दे. गप्प बसलात ते बरं केलंत. खोटं हो म्हणाला असतात, तर मी विश्वास ठेवला असता."

त्यानंतर आम्ही जेवलो. कुळथाची पिठी, भात, भाजलेला सुका बांगडा. डोंगरात बसून समुद्राकाठचं जेवण जेवत होतो, आणि आई मला आग्रह करत होत्या, कारण त्यांना काही माहीत नव्हतं. त्यांनी वाढलेलं सगळं मी संपवलं. घाट उजेडात उतरायला हवा, दिवा मंद होता, म्हणून मी लवकर निघालो.

गाडी मैदानावर आणली. आसपास कुणी नव्हतं, रविवारची दुपार, गाव झोपलेलं. किक मारून पाहण्यात अर्थ नव्हता. बाईंनी पदर खोचला आणि त्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. मी दुसरा गिअर टाकला.

"नवी बॅटरी घाला आता, सर," मागून आवाज आला, आणि गाडी पुढे सरकली.

त्यांच्या चपलांचा आवाज, बांगड्यांचा आवाज, मग मी क्लच सोडला आणि इंजिन धडधडलं. थांबता येत नव्हतं हे खरं. पण ते मैदान होतं, हवी तेवढी मोठी फेरी मारायला जागा होती. मी एक वळण घेऊन त्यांच्यासमोर येऊ शकलो असतो, निदान त्यांचा चेहरा बघू शकलो असतो. मी सरळ गेलो. हात वर केला का नाही, तेही आठवत नाही.

परतीचा प्रवास तोच, त्यामुळे वाचकांना नवीन सांगण्यासारखं फार नाही. जव्हारचा घाट उतरताना वळणं पटापट येतात, ब्रेक तपासून निघा. मी आमलीपर्यंत कुठेच थांबलो नाही. कुठे थांबलो की पुन्हा कुणाला तरी हाक मारावी लागेल, आणि त्या दिवशी मला कुणाचा हात त्या गाडीला लागलेला नको होता. उधव्याच्या पुढे रस्ता रिकामा होता आणि डोळ्यांत पाणी येत होतं. मी ते वाऱ्यावर ढकललं, पण वारा फार नव्हता. दिवे लागायच्या सुमाराला आमलीत पोचलो. उजवा हात अॅक्सिलरेटर धरून इतका आखडला होता, की कुलपात किल्ली डाव्या हाताने फिरवली.

सोमवारी शाळा सुटल्यावर शेजारच्या दुकानातून नवी बॅटरी घेतली. दुकानदार म्हणाला, मास्तर, आज सूरज कहां से निकला. त्याने तिथेच बसवून दिली, आणि गाडी पहिल्या किकला चालू झाली. हॉर्न वाजला, दिवा लख्ख लागला. मंगळवारी सकाळी निघताना पाळीवरून परतणारे शेजारी ढकलायला आले, आणि गाडी चालू बघून, बरं झालं सर, असं म्हणून आपापल्या खोलीत गेले.

या रस्त्याने मी नंतर बऱ्याच वेळा गेलो, गाड्या बदलल्या, रस्ता रुंद झाला, खानवेलला हॉटेलं झाली. जव्हारच्या पुढे मात्र कधी गेलो नाही. बाई त्याच तालुक्यात मुख्याध्यापिका झाल्या, असं एकदा कानावर आलं, आणि मला खरोखर आनंद झाला. तुम्ही जाणार असाल तर थंडीत जा, दोन दिवस ठेवा, उजेडात घाट करा, सूर्यास्त चुकवू नका, आणि शक्यतो कुणाला तरी बरोबर घ्या.

माझी नोकरी कायम होती, ती शेवटपर्यंत कायम राहिली. त्याच शाळेतून निवृत्त झालो, पेन्शन वेळेवर येते, आमलीतच राहतो. तुम्ही इकडे याल का, असं कुणी विचारलं होतं, हे मला दिवसातून एकदा तरी आठवतं. माझी कुठलीच गाडी तेव्हापासून कधी बंद पडली नाही, त्यामुळे मला धक्का मारायला परत कुणी आलं नाही.